काजेवाल्या काकूंचा सत्कार

आमच्या शेजारच्या काकू कारखान्यात शर्टांना काजं करतात. त्यांची भाषा गावातल्या दोनचार गल्ल्यांतच बोलतात, म्हणून पक्षाला त्या एकाएकी फार आवडू लागल्या. महिलाही, अल्पसंख्याकही, मंचावर एक खुर्ची कमी लागते. लगेच उपाध्यक्ष!

काकूंचं मागणं एवढंच, की सरकारी दवाखान्यात बाळंतिणींसाठी त्यांची भाषा समजणारी एक बाई ठेवा. गेल्या वर्षी कळा येताना डॉक्टर काय विचारतायत ते काकूंच्या भाचीला कळेना. घाबरून नुसती मान हलवत राहिली, आणि बाळ गेलं. आता सुनेचे दिवस भरत आले होते.

महिला आघाडीच्या अध्यक्षा म्हणजे पक्षाच्या साहेबांच्या वहिनी. त्या म्हणाल्या, "अहो, हा भाषेचा प्रश्न. अल्पसंख्याक आघाडीकडे जा."

तिथे सगळ्या मिश्याच. "बाळंतपण? काकू, बायकांच्या गोष्टीत आम्ही काय बोलणार!" एरवी बायकांनी काय घालावं यावर हीच मंडळी तासन्तास बोलते. दोन्ही आघाड्यांच्या मध्ये भिंत एकच, तीही प्लायवूडची.

पक्षाने काकूंचा जाहीर सत्कार ठरवला. सभेच्या दिवशी मी खुर्च्या मांडत होतो. कार्यकर्त्याने नाटक कंपनीकडून काकूंसाठी भाड्याचा पोशाख आणला. झालरी, मणी, डोक्याला तुरा.

"हा कुणाचा?"

"तुमचाच की! पारंपरिक."

"आमच्यात एवढे मणी पडद्याला लावतात," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात मुलाचा फोन आला, सुनेला कळा सुरू झाल्यात. काकूंनी तुरा कार्यकर्त्याच्याच डोक्यावर ठेवला आणि निघाल्या.

"अहो, खुर्ची रिकामी दिसेल!"

दिसली नाही. पोशाख कार्यालयातल्या चहावाल्या बाईंना चढवला. साहेबांनी त्यांनाच शाल दिली आणि म्हणाले, "या समाजातल्या भगिनींचं दुःख मी फार जवळून पाहिलंय." इतक्या जवळून, की रोज हातात चहा देणारी बाई ओळखू आली नाही.

दवाखान्यात नर्सने काकूंना दारातच अडवलं. "नातेवाईक बाहेर."

"नातेवाईक कोण? मी पक्षाची उपाध्यक्ष."

नर्स बाजूला झाली. डॉक्टरांचा प्रत्येक प्रश्न काकूंनी सुनेला सांगितला, तिचं प्रत्येक उत्तर डॉक्टरांना. नात झाली, ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन. "काकू, काल सत्कार काय छान झाला हो तुमचा!"

"हो, ऐकलं. आता राजीनामाही माझ्या वतीने तुम्हीच देऊन टाका," काकू म्हणाल्या. "सही कुणाचीही चालेल."