मोरीच्या तेलाचा वास

काल तोंडवलीच्या किनाऱ्यावर मच्छीमार लाकडी होडीला मोरी माशाचं तेल लावत होते. त्या वासाने बाबा आठवले. मुंबईतल्या कंपन्यांनी त्यांना नोकऱ्या दिल्या त्या फुटबॉलसाठीच. गुडघा गेला तशी शेवटची नोकरीही गेली. गावी ते होडीचंच तेल आपल्या फुटबॉलच्या बुटांना चोळत.

एकदा जुनी कंपनी मालवणात सामना खेळायला आली. बाबा बूट घालून गेले. साहेबाने पाठ थोपटली आणि खेळाडूंचे कपडे सांभाळायला दिले. त्या थोपटण्याचा मला केवढा अभिमान वाटला होता. म्हाताऱ्या बैलालाही तसंच थोपटतात, हे आता कळतं.

घरी येऊन त्यांनी तेल मागितलं.

आई म्हणाली, "आता कित्याक?"

"चामडा सुकता गो."

बाबा गेले त्या दिवशीही ते बूट मऊ होते.