छापलं होतं तेवढंच

आमच्या साताऱ्याच्या घरी कुणी ‘अमकीच्या अंगात आलं’ म्हणून सांगत आलं की वडील आधी थर्मामीटर काढायचे. शाळेत सायन्स शिकवायचे ते. त्यामुळे आत्मा, संचार वगैरे प्रकारांवर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता... आजही मी ‘विश्वास आहे’ असं म्हणणार नाही. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाची असती तर मी हसून सोडून दिली असती. ती घडली माझ्याच तोंडून — आणि नेमकं तेवढंच मला आठवत नाही.

साठ सालानंतरची, मद्रासची गोष्ट. ह्यांना मद्रासजवळच्या आवडी या गावी सरकारी कारखान्यात नोकरी आणि राहायला तिथलंच क्वार्टर. लग्न नवं, तमिळचा गंध नाही, दिवसभर बोलायला कुणी नाही. ह्यांच्या कारखान्याला बोल्ट पुरवणारे वेंकटराव म्हणून एक गृहस्थ होते. जवळच अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचं छोटं वर्कशॉप. नावावरून मला ते तेलुगू वाटले होते, पण निघाले तंजावरकडचे मराठी! एकदा त्यांनी ह्यांना विचारलं, तुमच्या मिसेस इंग्लिश घेऊन बी.ए. झाल्यात ना, माझ्या आईला एक पुस्तक वाचून दाखवतील का?

पुस्तक त्यांच्या वडिलांचं होतं. रघोत्तमराव. तंजावर भागातले पुढारी, दोनदा तुरुंगात गेलेले, पुढे आमदार. शेवटच्या आजारपणात त्यांनी इंग्रजीत आठवणी लिहिल्या आणि त्यांच्या मागे मित्रांनी त्या छापल्या. त्यांच्या पत्नीला, कावेरीअम्मांना, इंग्रजी येत नव्हतं, आणि मोतीबिंदूने नजरही गेल्यात जमा. वेंकटरावांनी स्वतः वाचायचा प्रयत्न केला होता, पण वडिलांच्या शब्दांपाशी आले की ते पुस्तक मिटून ठेवायचे.

मग मी आठवड्यातून दोनतीनदा दुपारची गाडी धरून अंबत्तूरला जाऊ लागले. इंग्रजी परिच्छेद मोठ्याने वाचायचा, मग मराठीत सांगायचा. सांगताना मी ‘ते गेले, ते म्हणाले’ असंच म्हणायची. एका पुरुषाचं ‘मी गेलो, मी म्हणालो’ माझ्या तोंडी मला चमत्कारिक वाटायचं. हे मुद्दाम सांगून ठेवते.

अम्मा भिंतीला टेकून ऐकायच्या. त्यांचं मराठी जुनं, तमिळ हेल काढून बोललेलं. पण तुरुंग, सभा, शाळांसाठी केलेली वणवण, कशालाच त्यांच्या तोंडून हूं की चूं नाही. एवढ्या मोठ्या माणसाची बायको आणि चेहरा इतका कोरडा कसा, असं मला वाटायचं.

कारण कळलं ते पुस्तकात रुक्मा आली तेव्हा. रुक्मा त्यांची थोरली, आठ वर्षांची. तिला घटसर्प झाला तेव्हा नदीला पूर आलेला आणि रघोत्तमराव पूरग्रस्त गावांत मदतीला गेलेले. पुस्तकात तिच्यावर अवघी तीन वाक्यं होती. मुलगी आजारी असल्याचा निरोप मिळाला, पाण्यामुळे वाट बंद होती, मी पोचलो तेव्हा सर्व संपलं होतं. बस. पुढच्या ओळीपासून धान्यवाटप.

मी ती तीन वाक्यं वाचली, मराठीत सांगितली. घसा कोरडा पडला म्हणून पुस्तक मिटलं आणि पाणी मागितलं. मला आठवतं ते एवढंच.

पाणी कुणी दिलं नाही. वर बघते तर वेंकटराव दारात उभे. मधल्या वेळची कॉफी घ्यायला आले होते वाटतं, पण ते कधी आले ते मला कळलंच नव्हतं. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकून पार भिंतीवर चढलेलं. अम्मांनी पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला होता.

“हे कुठं लिहिलंय?” वेंकटरावांनी विचारलं.

मी पान दाखवलं. त्यांनी वाचलं, पुढचं-मागचं पान उलटलं, पुन्हा वाचलं. मग मी जे बोलले होते ते मलाच सांगितलं. त्यांच्या घरच्या जुन्या मराठीत — जी मला कळायची, पण बोलता यायची नाही — आणि पुरुषासारखं मी म्हणाले होते:

“मी आलों होतों. पोरीचा श्वास बाहेर तिण्णैवर ऐकूं येत होता. तूं तिला मांडीवर घेऊन दाराकडे पाठ करून बसली होतीस. माझ्यानें उंबरा ओलांडवला नाही.”

तिण्णै म्हणजे तिकडच्या घरांना दाराबाहेर असतो तो बसायचा कट्टा. हा शब्दसुद्धा मला त्या दिवशी वेंकटरावांनी समजावून सांगितला.

मी हात जोडून म्हटलं, मी असं काही बोलले नाही. दोघांचे माझ्याकडे वळलेले चेहरे मी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. ते दोघं मला घाबरले होते.

अम्मांनी मग एकच सांगितलं — त्या दाराकडे पाठ करून बसल्या होत्या, हे खरं होतं. खोलीत तेव्हा त्या आणि रुक्मा, तिसरं कुणी नव्हतं.

त्यांना आता चैन पडेना. त्या काळात घरी असलेलं एकच माणूस हयात होतं : रघोत्तमरावांची धाकटी बहीण, अंबुजाअक्का. मैलापूरला राहायची. पुढच्या रविवारी वेंकटराव आम्हा दोघींना टॅक्सीने तिच्याकडे घेऊन गेले. मला जायचं नव्हतं, पण अम्मा माझा हात सोडायलाच तयार नव्हत्या.

अक्काने आधी विषय टाळला. कापी, म्हणजे कॉफी, आणली, ह्याचं-त्याचं विचारत बसली. शेवटी अम्मांनी सरळ विचारलं, त्या संध्याकाळी ते आले होते काय? अक्काने पेला खाली ठेवला आणि ती रडायलाच लागली. म्हणाली, तेव्हा मी परकरी पोर. दिवा लावायला बाहेर आले तर अण्णा तिण्णैवर बसलेले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत पोर घुसमटत होती आणि ते नुसते ऐकत बसले होते. मग उठले आणि पुन्हा पुराकडे निघून गेले. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी, ती आजवर पाळली.

अक्काला मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिने वेंकटरावांनाही कधी सांगितलेलं नव्हतं. मग माझ्यापर्यंत ते आलं कुठून?

मला वाटलं होतं, नवरा निदान आला तरी होता, हे कळून अम्मांचं मन हलकं होईल. झालं उलटंच. इतकी वर्षं त्यांना राग होता तो वाट बंद असल्याचा, पुराचा, लोकांच्या कामाचा. आता मध्ये नुसता एक उंबरा उरला. प्रत्येक वेळी मला तेच पान पुन्हा वाचायला लावायच्या. मी वाचायची — तीन वाक्यं, पुढे धान्यवाटप. मग माझ्याकडे तोंड करून, पण माझ्याशी नव्हे, विचारायच्या :

“आंत यायला काय झालं होतं? मी एकटी होतें हो.”

मी पुस्तक मिटून गाडीची वेळ झाली म्हणायची. घरी आले की मला माझ्याच आवाजाची भीती वाटायची. भाजीवाल्याशी बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. ह्यांना सारखं विचारायची, आत्ता मी काय म्हणाले? ह्यांनी आधी थट्टा केली, मग कारखान्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त कमी असल्याचं सांगून टॉनिक दिलं. मी ते इमानाने प्यायले आणि अंबत्तूरला जायचं बंद केलं.

महिनाभराने वेंकटरावांनी निरोप पाठवला : आई म्हणते, ते पान नको. त्याच्या पुढचं वाच.

गेले. काय करणार... अम्मा पार वाळल्या होत्या. “पोर गेल्यावर त्यांनी काय केलं, तेवढं मला सांग मा,” म्हणाल्या. आम्ही धान्यवाटपापासून सुरुवात केली. त्याच गावांत त्यांनी पुढे लहान मुलांसाठी दवाखाना उभा केला होता. इमारतीला जागा, डॉक्टर, पुरात पोचायला नावा, सगळ्यासाठी सरकारशी भांडले होते. त्यावर पानंच्या पानं होती, पण रुक्माचं नाव कुठेच नाही. अम्मांच्या डोळ्यांतून पहिल्यांदा पाणी आलं ते दवाखान्यासाठी लागलेल्या विटांचा हिशेब ऐकताना.

मी ओळीवर बोट ठेवून वाचत होते. दर पानाला थांबून विचारायची, “अम्मा, छापलंय तेवढंच बोलले ना मी?” त्या म्हणायच्या, “तेवढंच.” मग पुढचं पान. असे कितीतरी दिवस गेले.

शेवटच्या पानावर त्यांनी सहकाऱ्यांचे आभार मानले होते. ते वाचून मी पुस्तक मिटलं. सुटल्यासारखं वाटलं. सवयीने विचारलं, “तेवढंच ना?”

अम्मांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. लग्नातल्या नवरीसारखा म्हणा ना. बाहेरचं ऊन उतरून गेलेलं मला तेव्हा दिसलं. मी पुन्हा विचारलं, मी काही बोलले का? काय बोलले?

“तें माझ्यापुरतं होतं,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. वेंकटराव त्या दुपारी वर्कशॉपमध्ये होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे माझ्या तोंडून निघालेले ते शब्द ऐकलेलं एकच माणूस होतं, आणि ते गेलं. स्पष्टीकरण म्हणाल तर डॉक्टरांच्या टॉनिकापलीकडे मला आजवर कुणी दिलेलं नाही. मला स्वतःलाही सापडलेलं नाही. आता अम्मांच्या वयाची होत आलेय. नातवंडं गोष्ट वाचून दाखव म्हणून पुस्तक पुढे करतात... मी चष्मा सापडत नाही असं सांगते.