सुमनच्या डबीत उरलेल्या आठ गोळ्या

त्या सोमवारी सकाळी नाशिकच्या सरकारी दवाखान्यात मॅडमनी सुमनची डबी टेबलावर उपडी केली आणि एकेक गोळी मोजायला घेतली. एचआयव्हीच्या फुकट गोळ्या आपल्याकडे नुकत्याच सुरू झाल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

सुमन माझी मुलगी. जावई ट्रकवर होते, एचआयव्हीने गेले. मग तपासणीत तिलाही निघाला... हे सगळं तिला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिहा अण्णा, पण रडकं लिहू नका."

तिथे नियम असा, की दर महिन्याला उरलेल्या गोळ्या डबीसकट न्यायच्या. समुपदेशन करणाऱ्या मॅडम त्या मोजायच्या. कोणी चुकवल्या असतील तर तिथेच कळायचं.

"आठ जास्त आहेत," मॅडम म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ एकेक... म्हणजे चार दिवस घेतल्याच नाहीत?"

सुमन ओढणीचं टोक पिळत बसली. माझं नाव घेईना. शेवटी मीच म्हणालो, "तिला काही बोलू नका. मी थांबवल्या."

त्याचं असं झालं होतं... आधी मला टी.बी. झाला होता. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, थुंकी साफ आली, कार्डावर 'बरा झाला' असा शेरा मिळाला आणि गोळ्या बंद. ते कार्ड मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. सातवी शिकलेला माणूस मी, मला वाटलं सगळ्या आजारांचं असंच असतं. गोळ्या खा, रिपोर्ट साफ आला की कार्ड बंद!

त्यात माझा स्वभाव घाबरट. सुमन रात्री दचकून उठायची, सकाळी मळमळ म्हणून उपाशी बसायची. मला राहवेना. मॅडमना न सांगता मी एका खासगी लॅबमधून तिच्या रक्तातला विषाणू मोजून घेतला. रिपोर्ट इंग्रजीत. दहावी झालेल्या सुमननेच वाचला... 'नॉट डिटेक्टेड'. म्हणजे सापडला नाही.

सापडला नाही म्हणजे गेला. मी डबी उचलून फळीवर ठेवली आणि त्या दिवशी घरात शिरा केला.

मॅडमनी तो रिपोर्ट दोनदा वाचला. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्या म्हणाल्या, "बाबा, रिपोर्ट उत्तम आहे. पण तो रक्तात मोकळा फिरणारा विषाणू मोजतो. काही विषाणू शरीराच्या पेशींच्या आत शिरून झोपलेला असतो. तो या तपासणीत दिसत नाही."

"आणि गोळीला?"

"गोळीलाही सापडत नाही. विषाणू नवीन पिल्लं काढायला लागला की गोळी त्याला अडवते. झोपलेल्याला ती काही करू शकत नाही. गोळी बंद झाली आणि एखादी पेशी जागी झाली, की पुन्हा सुरू."

भीती होतीच, पण आता मला कुतूहलही वाटायला लागलं. "झोपतो कुठे?"

"रक्तातल्या पेशींत, गाठींत, आतड्यात..."

"मग मॅडम, त्याला एकदाच उठवा ना सगळा! आणि उठला की हाणा."

मॅडम हसल्या. "मोठमोठे शास्त्रज्ञ याच विचारात आहेत बाबा. अजून कोणाला जमलेलं नाही. तोवर गोळी रोज."

चार दिवसच झालेत, आजच्या आज सुरू करा, असं त्यांनी सांगितलं. पण माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं... त्या चार दिवसांत मी माझ्याच हाताने त्याला जागं केलं असेल तर?

तसाच अंबडला ड्युटीवर गेलो. एका कंपनीत मी माळी होतो. आदल्या आठवड्यात मोठे साहेब येणार म्हणून गेटजवळचं लॉन साफ केलं होतं. लव्हाळा म्हणजे चिवट तण, त्याची एक काडी ठेवली नव्हती. साहेब म्हणाले होते, "एकदम क्लीन!"

त्या सोमवारी बघतो तर जागोजागी हिरवे तुरे. खुरपं घातलं तर खाली हरभऱ्याएवढी काळी गाठ. अशा गाठी मी आयुष्यभर काढत आलो होतो. पण त्या दिवशी ती हातात घेऊन मी उलटसुलट बघितली. साहेबांचा रिपोर्ट साफ होता, तेव्हा ही गाठ जमिनीत होतीच की... मी रोज खुरपत राहिलो तर लॉन हे लॉन राहतं. आठ दिवस दांडी मारली की रान.

ती गाठ रुमालात बांधून घरी नेली, सुमनपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

"अण्णा, माझ्या अंगात लव्हाळा काढलात होय!" खूप दिवसांनी ती पोट धरून हसली. मग तिने स्वतःच पिशवीतली डबी काढली.

पुढचे तीन महिने मी धड जेवलो नाही. ती नुसती शिंकली तरी मला वाटायचं, उठला! तपासण्या झाल्या... सगळं ठीक निघालं. मॅडम त्या दिवशी ओरडल्या असत्या, तर पुढच्या वेळी मी जास्तीच्या गोळ्या फेकून देऊन डबी नेली असती, हे खरं सांगतो. त्यांचे उपकार आहेत.

आता सुमनच्या डोक्यात पांढरे केस आलेत, गोळीही दिवसाला एकच झाली आहे. ती वेगळी राहते, पण मी अजून रोज रात्री नऊ वाजता तिला फोन करतो. "घेतली का?" असं विचारायची वेळच येत नाही.

ती आधीच म्हणते, "खुरपलं, अण्णा."