पाल्यासह

शाळेत शिक्षक दोन. एक मुख्याध्यापक, एक मी. वर्ग चार, खोल्या दोन, आणि रोज सकाळी मोबाइलवर काही ना काही मागणारे ग्रुप सात. परसबागेचा फोटो टाका, हात धुतानाचा फोटो टाका, लिंक भरा, कालची लिंक का भरली नाही ते कळवा. वीस वर्षं झाली या नोकरीत. आधी मुरबाडला सिद्धगडाच्या पायथ्याशी होते, मग इकडं शहापूर तालुक्यात, खर्डीपासून आत. आता खरं सांगते, मी दमलेय. पोरांनी नाही दमवलं. पोरं काय, भांडतात, चिंचा खातात, मधूनच एखादीला जोडाक्षर उमगतं आणि आपला दिवस बरा जातो. दमवलं ते बाकीच्यांनी. एक ना धड, भाराभर चिंध्या.

गेल्या माघात तर नुसता कहर होता. शनिवारी पालकसभा, त्यानंतरच्या गुरुवारी वाचन तपासणी, मग आनंद मेळावा, म्हणजे पोरं भजी नि भेळ विकणार आणि आम्ही फोटो काढणार. सगळ्यात शेवटी स्नेहसंमेलन. त्यात कुणाची पोर पुढच्या रांगेत नाचणार यावरून दोन आयांचं बोलणं आधीच बंद झालेलं.

तिसरीत एक मुलगी होती. कुटुंब दोनच वर्षांपूर्वी जंगलाकडच्या पाड्यावरून गावात उतरलेलं. बाप भिवंडीच्या गोदामात, आठवड्यानं घरी यायचा. घरातला एकुलता एक फोन त्याच्या खिशात. आईला अक्षरओळख नव्हती, पण बाई रोखठोक. दिवाळीनंतर शाळेच्या दारात येऊन मला म्हणाली, "बाई, तिसरी अर्धी सरली नि हिला दुकानाची पाटी वाचता येत नाय. शिमग्यापर्यंत बघते. नाय आलं वाचायला तर घरी ठेवीन. बारक्याला सांभाळंल, मी मजुरीला जाईन. तुमच्या हजेरीत नाव ऱ्हाऊ दे, मी काय बोलत नाय."

ती धमकी देत नव्हती. तिनं हिशेब केला होता आणि तो मला सांगितला होता. मला तिचा राग आला नाही. राग आला तो पहिल्या दोन वर्षांत त्या पोरीकडं धड बघायला न मिळाल्याचा, आणि थोडा स्वतःचाही.

मग मधल्या सुट्टीत खिचडी झाली की तिला घेऊन बसायला लागले. कार्डं, पाटी, जुन्या वहीची पानं. मुलगी अबोल. एक अक्षर चुकलं की ओठ घट्ट मिटून घ्यायची. पौषात एका दुपारी मी दुसरीच्या वह्या तपासत होते, तर ही माझ्यामागं उभी राहून भिंतीवरचा सुविचार वाचत होती. सबंध. अडखळत, पण सबंध. वाचून झाल्यावर मला म्हणाली, "बाई, हे तर मला येतंय." तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्या लिंकमध्ये भरता येत नाही. घरी जाताना रिक्षात मी एकटीच हसत होते.

पालकसभेची सूचना मी फळ्यावर लिहून दिली. ग्रुपवर टाकली तरी अर्ध्या घरांत फोन दिवसा नसतो. शिवाय वहीत उतरवून घेतली की शुद्धलेखनही होतं, एका दगडात दोन पक्षी. पोरांना सांगितलं, घरी आईला वाचून दाखवायची. वीस वर्षं जी सूचना लिहितेय तीच लिहिली: "शनिवारी सकाळी दहा वाजता शाळेत पालकसभा आहे. सर्व पालकांनी पाल्यासह उपस्थित राहावे."

शनिवारी ओटीवर सतरंज्या टाकल्या. वीस-बावीस बायका, सहा-सात पुरुष. मुख्याध्यापकांनी सह्यांचा कागद फिरवायला दिला आणि तेवढ्यात ती आई फाटकातून आत आली. डोक्यावर जांभळीच्या पाल्याचा हा एवढा भारा. मान ताठ, घाम गळतोय, मागं मुलगी. तिनं भारा ओटीच्या कडेला टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "कुठं बांधायचा?"

आमच्याकडं लग्नाच्या मांडवाला घराघरातून पाला येतो. शाळेच्या अंगणात सावली नाही, हे तिला ठाऊक. सभेला माणसं बसणार, म्हणजे मांडव घालणार, म्हणजे पाला लागणार. यात चुकीचं काय होतं? पहाटे उठून रानात गेली असणार ती.

पण हे मी आत्ता लिहितेय. तेव्हा शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "काय गो, सभेला शेळ्या येनार हायेत काय?" आणि ओटीभर हशा पिकला.

"पोरीनं वाचलंन् की," ती म्हणाली. "पाल्यासह या, असं लिवलंय."

त्यावर आणखी हसू. एक जण मागून बोलली, "तुझ्या पोरीला वाचता येत नाय गो, काय पन सांगते ती." मुलीनं माझ्याकडं बघितलं. सरळ माझ्याकडंच.

मीही हसले होते. खोटं कशाला सांगू, हसू आलंच. आणि हसता हसता मला कळलंही होतं की पोरीनं वाचलेलं अक्षर न् अक्षर बरोबर आहे. पाल्य म्हणजे मूल, हे शब्दकोशात आणि आमच्या सूचनांत. या गावात आजवर कुणी पोराला पाल्य म्हणून हाक मारलेली नाही. ज्या बायका हसत होत्या त्यांनाही तो शब्द कुठं ठाऊक होता? पालकसभेला पोरं घेऊन जायची एवढं त्यांना सवयीनं माहीत होतं. तेव्हा मी चार शब्द बोलायला हवे होते. पण कागद फिरत होता, अकराच्या आत फोटो चढवायचे होते, मुख्याध्यापक घड्याळ बघत होते. मी म्हटलं, "असू दे, ठेव बाजूला. बस आता." आणि सभा सुरू झाली.

सोमवारी मुलगी आली नाही. म्हटलं, ताप असेल. मंगळवारी नाही. बुधवारी हजेरी घेताना तिच्या नावापाशी माझा हात थांबला. दुसऱ्या दिवशी तपासणी होती आणि अख्ख्या तिसरीत मला जिच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचं होतं ती घरी होती. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले.

आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. मुलगी भावाला कडेवर घेऊन दारात. मला बघून आत गेली.

"बाई, मी बोलली होती ना," आई म्हणाली. वर न बघता. "नाय येत तिला. कशाला उगीच."

"येतं तिला," मी म्हटलं. "तिनं बरोबर वाचलं होतं. तिथं पाल्य असा शब्द आहे. पाल्य म्हणजे लेकरू. लेकराला घेऊन या, असं लिहिलं होतं मी."

तिचे हात थांबले. "मंग लेकरू लिवायचं ना."

"हो. लिहायला हवं होतं."

"म्हंजे पोर बरोबर होती?"

"अगदी बरोबर."

"नि तुमाला ते तवाच कळलं होतं? सभेत?"

हो, म्हटलं.

"मंग बोललात का नाय?"

कागद, फोटो, घड्याळ, हे त्या अंगणात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. तिनं सुपातल्या शेंगा उगीच इकडच्या तिकडं केल्या.

"मी मारलं तिला," ती म्हणाली. "वाटंत. समदी हसली म्हणून. ती रडत होती नि एकच बोलत होती, आये, वहीत तसंच हाय, तसंच हाय. उलट बोलते म्हणून आनखी मारलं."

मी खाली तिच्याशेजारी बसले. दोन शेंगा सोलल्या, कारण हाताला काहीतरी हवं होतं. "चुकलं माझं," म्हटलं. "पुढच्या सभेत सगळ्यांसमोर सांगेन." ती म्हणाली, "ते तुमी बघा." मग सूप बाजूला ठेवत, "उद्या धाडते. उद्याचा दिस. ते तपासणारे काय बोलतात ते तिच्या तोंडून ऐकते, मंग ठरवते." आत मुलगी भावाला गप्प करत होती. ती बाहेर आली नाही.

गुरुवारी आली. पहिल्या ओळीत न बसता कोपऱ्यात बसली. तपासणीला आलेले साहेब घाईत होते, त्यांना अजून दोन शाळा करायच्या होत्या. एकेकाला बोलवून पुढ्यात उतारा ठेवत होते. "पुढं?" म्हणून विचारायचे, आणि चुकलं की कागदावर फुली. तिचं नाव घेतल्यावर ती उठली, पण टेबलाकडं गेली नाही. माझ्यापाशी येऊन थांबली. ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, पाणी हवंय, म्हणून वाकले.

"बाई," ती हळूच म्हणाली, "मी बरोबर वाचलं तर तुमी बोलाल ना?"

बोलेन, म्हटलं. तिनं थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं. मग माझा हात धरून मला टेबलापर्यंत नेलं, साहेबांच्या बाजूला उभं केलं आणि वाचायला लागली.