ओ द्यायची नाही

आमच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून नॅशनल पार्क दिसतं. बोरिवली पूर्वेला घर घेताना बिल्डरच्या माणसाने आम्हाला आधी ती खिडकीच दाखवली होती, संडास-बाथरूम नंतर. दहा वर्षं झाली, त्या खिडकीत आम्ही कपडे वाळत घालतो. पार्कात गेलो असू दोन-तीन वेळा, तेही गावाहून पाहुणे आले की.

मग मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर एक बाई सुरू झाली. दर रविवारी फोटो. कधी गोराईला सायकली, कधी कुठल्याशा गडावर, मुलांच्या डोक्यावर टोप्या, पाठीवर इवल्या इवल्या सॅक. खाली सगळ्या आयांचे अंगठे आणि बदाम. माझी दोघं त्या वेळी सोफ्यावर आडवी, तोंडं मोबाइलमध्ये. डोक्यात गेली माझ्या ती बाई. एका शनिवारी जेवताना मी जाहीर केलं, उद्या पार्कातल्या कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जायचं, चौघांनी.

"बसने जाऊ ना," नवरा म्हणाला. "वरपर्यंत बस जाते."

"बसने जाऊन कसला डोंबलाचा ट्रेक?"

माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

थोरली तेव्हा नऊ वर्षांची होती, धाकटा साडेचार. ऑक्टोबरचं ऊन. गेटवर ही रांग, जणू आत काही फुकट वाटतायत. सगळी मुंबई त्या दिवशी निसर्ग बघायला आली होती. कॉलेजची पोरं स्पीकर घेऊन, चेंबूरहून का कुठून आलेलं एक अख्खं मंडळ एकाच रंगाचे टी-शर्ट घालून, सायकली, बाबागाड्या, वेफर्सच्या पुड्या आणि त्या पुड्यांवर डोळा ठेवून बसलेली माकडं. रस्त्यावर चालायला जागा नव्हती. मी मात्र नवे बूट घालून तरातरा निघाले.

पहिल्या किलोमीटरला धाकट्याने रडगाणं सुरू केलं. दुसऱ्याला तो रस्ता सोडून झाडीत पळायला लागला. फुलपाखरू दिसलं, पळाला. माकड दिसलं, पळाला. मी तीन वेळा मानगुटीला धरून त्याला परत आणला. नवरा पाण्याची सॅक घेऊन बराच पुढे, फोनवर. घामाने मी निथळत होते आणि आजूबाजूच्या सगळ्या बायकांची पोरं शहाण्यासारखी हात धरून चाललेली. म्हणजे तेव्हा मला तरी तसं वाटलं.

"इकडे ये," मी त्याला म्हणाले. "तुला एक गंमत सांगू?"

लहानपणी मे महिन्यात गावी गेलो की बाबा आम्हाला काजूच्या बागेत न्यायचे. आयुष्यभर गिरणीत राबलेला माणूस, गावच्या रानात पाऊल टाकलं की त्याचा आवाजच बदलायचा. "कोणी नावान हाक मारल्यान तर ओ देव नको," ते सांगायचे. रानात माणसं हाक मारत नाहीत. जे मारतं ते तुमची ओ यायची वाट बघत असतं, आणि ओ दिली की घेऊन जातं. आमच्या गावाकडे सगळ्या पोरांना हे सांगतात. रानात असलो की आम्ही भावंडं एकमेकांना नावाने बोलवायचोच नाही, नुसती शीळ घालायचो.

तेच मी माझ्या दोघांना सांगितलं. झाडीत गेलास तर हाक येईल बघ, म्हटलं. नावाने येईल. ओ द्यायची नाही.

थोरली चौकस. "आणि तू हाक मारलीस तर?"

इथे थांबायला हवं होतं. पण धाकटा पहिल्यांदाच माझा हात घट्ट धरून चालत होता, आणि मला चेव आला. "मी नसेनच ती," मी म्हणाले. "आवाज आईचाच असतो, दिसायलाही आईच असते. म्हणून तर पोरं फसतात."

पुढचा सगळा रस्ता धाकटा माझ्या पायाला चिकटून चालला. झकास उपाय सापडला, असं मला वाटलं. त्या बाईच्या ग्रुपवर टाकण्यासारखा.

वर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पायऱ्यांवर माणूसच माणूस. लेण्यांच्या दारांत उभं राहून लोक फोटो काढत होते, एकाचा फोटो झाला की दुसरा. नवरा पाण्याच्या बाटल्या भरायला गेला. मला बायकांच्या रांगेत उभं राहायचं होतं, आणि ती रांग पार वळणापर्यंत गेलेली. पायऱ्यांशी एक म्हातारी काकड्या विकत बसली होती. थोरलीला म्हटलं, दोन काकड्या घे, तिखट-मीठ लावून, तू एक खा, त्याला एक दे, आणि त्याचा हात सोडायचा नाही. समजलं? ती हो म्हणाली.

रांग संपवून मी परत आले, तर थोरली समोरून येत होती. दोन्ही हातांत काकड्या.

"आई, तो नाहीये."

मी तिच्या खाडकन थोबाडीत मारली. एवढ्या माणसांत. काकड्या खाली पडल्या आणि एक माकड येऊन घेऊन गेलं. दोन काकड्या दोन हातांत धरल्यावर भावाचा हात कशाने धरायचा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिने तरी ते तोंडाने म्हणावं? तेही नाही. गाल धरून उभी राहिली.

आणि मग मी हाका मारायला लागले.

असा आवाज माझ्या गळ्यातून त्याआधी कधी निघाला नव्हता. लोक वळून बघायला लागले. नवरा धावत आला, त्यानेही हाक मारली. एकाच रंगाच्या टी-शर्टवाल्यांनी विचारलं, काय झालं, नाव काय मुलाचं, आणि तेही ओरडायला लागले. कॉलेजच्या पोरांनी स्पीकर बंद केला. माणसं चांगली असतात हो. पाच मिनिटांत शंभर तोंडं माझ्या मुलाचं नाव घेत होती. वरच्या लेण्यांतून, खालच्या ओढ्यातून, चहूबाजूंनी नुसतं त्याचं नाव. प्रत्येक लेण्याच्या दाराशी कोणीतरी जायचं, आत तोंड करून हाक मारायचं, क्षणभर थांबायचं, उत्तर आलं नाही की पुढे.

थोरली माझी ओढणी ओढत होती. "आई. आई, ऐक ना. तो ओ नाही देणार. तू सांगितलंयस ना त्याला."

ती म्हणत होती ते खरं होतं. मुलगा दहा पावलांवर असला तरी ओ देणार नव्हता. उलट जितके जास्त लोक बोलावतील तितका तो आत आत सरकणार होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. अहो, हाका मारू नका, नुसतं शोधा. एवढंच. पण नेमकी एक बाई माझ्या शेजारी उभी होती, चांगल्यातले बूट, गळ्यात पाण्याची बाटली. तिने मला विचारलं होतं, "एवढ्या लहान मुलाला एकटं सोडलंत कसं?" आणि मी थोरलीकडे बोट दाखवलं होतं, हिच्याकडे दिला होता म्हणून. आता त्याच बाईसमोर काय सांगू, की मीच त्याला भुताखेताचं सांगून ठेवलंय? मला लाज वाटली. पोटचं पोर गेलंय आणि बाईला लाज वाटतेय. हे लिहितानाही माझा हात जड होतोय, पण खरं तेच आहे.

"गप्प बस," मी थोरलीला दातओठ खात म्हणाले. "एक शब्द बोलू नकोस कोणाशी."

नवऱ्याने तिला आमच्या सॅकपाशी बसवलं. इथून हलायचं नाही, म्हणाला.

तासभर गेला. मग अजून अर्धा. सुरक्षारक्षक आले, शिट्ट्या वाजायला लागल्या. त्यातला एक वयस्कर होता, तो नवऱ्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगत होता, पण मला ऐकू आलं. संध्याकाळी वरचं सगळं रिकामं करावं लागतं. अंधार पडला की इथे माणसाने थांबायचं नसतं. बिबट्या हा शब्द त्याने उच्चारला नाही. आम्हाला खिडकीतून दिसतं ना पार्क, आम्हाला तो शब्द कोणी सांगावा लागत नाही.

कान्हेरीला लेण्यांच्या बाहेर खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत. पाऊस नुकताच संपलेला, टाक्या काठोकाठ भरलेल्या, वर हिरवी साय. एक रक्षक लांब बांबू घेऊन आला आणि एका टाकीत घालून ढवळायला लागला. बांबू पाण्यात गोल फिरत होता. सगळे बघत होते. मी देवाला म्हटलं, काहीही कर, माझी जीभ झडू दे, पण हा बांबू अडकू देऊ नकोस.

तेव्हा तरी बोलायचं. शप्पथ सांगते, मी तोंड उघडलं होतं. पण नवरा टाकीच्या काठावर गुडघे टेकून पाण्यात बघत बसला होता. त्याचा चेहरा मला दिसला, आणि माझं तोंड मिटलं. हा मला आयुष्यात माफ करणार नाही, असं वाटलं. म्हणजे पोराच्या जिवापेक्षा मला तेव्हा ते मोठं वाटलं.

दुसऱ्या टाकीकडे गेलो. तिसऱ्या.

कोणीतरी म्हणालं, ती बघा, तुमची मुलगी.

थोरली वरच्या ओळीतल्या एका बारक्या लेण्याच्या दारात उभी होती. भिक्षूंच्या राहायच्या खोल्या असतात ना, दोन माणसं झोपतील एवढ्याच, आत दगडी ओटा. ती ओरडली नाही, हाक मारली नाही, नुसता हात वर केला होता. दुसऱ्या हाताला धाकटा. कोणाला न विचारता ती सॅकपाशी बसायची सोडून उठली होती आणि एकेका खोलीत आत जाऊन, वाकून, ओट्याच्या कोपऱ्यापर्यंत बघत गेली होती.

मी कशी चढले मला माहीत नाही. गुडघा फुटला होता ते घरी गेल्यावर कळलं. धाकट्याची चड्डी ओली, तोंडाला धूळ, रडून रडून गालांवर चिखल झालेला. नंतर कळलं, तो नुसता आत काय आहे ते बघायला गेला होता. तेवढ्यात माझी पहिली हाक ऐकली, तो आवाज. मग दोन्ही कानांत बोटं घालून बसला. मी दोनदा त्या दारावरून गेले होते. त्याला मी दिसले होते.

मी हात पसरले. तो मागे सरकला.

थोरलीच्या मागे लपून त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. आधी माझे पाय बघितले. भुताचे पाय उलटे असतात हे त्याला शाळेत कोणी सांगितलं असेल ते असो, त्याने माझ्या नव्या बुटांची टोकं नीट बघून घेतली. तरी येईना. मी तशीच हात पसरून बसले होते, आणि खालून लोक टाळ्या वाजवत होते.

"खरी आहे रे," थोरली त्याला हळूच म्हणाली. "आईच आहे."

तेव्हा तो आला.

खाली जाताना बसने गेलो. शेवटची बस, माणसं दाराला लटकलेली, पण पोर सापडलेली माणसं म्हणून आम्हाला बसायला जागा दिली. धाकटा बापाच्या मांडीवर होता. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, बाळा, आम्ही एवढे बोलवत होतो, तू बोलला का नाहीस?

"ओ द्यायची नसते," धाकटा म्हणाला. "नेतात." आणि झोपला. डोळे मिटले की तो दगडच.

नवऱ्याने मान वर केली. सकाळी तो पुढे होता, फोनवर, त्याने काही ऐकलं नव्हतं. "हे असलं कोणी भरवलं याच्या डोक्यात?"

समोर मी आणि थोरली. थोरलीने माझ्याकडे बघितलं. घाईने नाही, अगदी शांतपणे, मला पुरेसा वेळ देऊन. तिच्या गालावर माझी बोटं अजून दिसत होती. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"मी," ती म्हणाली. "मी सांगितलं, पप्पा. मस्करीत."

माझा नवरा मुलांवर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. अक्कल आहे का तुला, तो जीवानिशी गेला असता, कळतंय का तुला, भरल्या बसमध्ये, सगळे ऐकत होते. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

"जाऊ दे रे," मी म्हणाले. "लहान आहे ती. तिला काय कळतंय."

त्याने माझा हात हातात घेतला. किती मायेने. मग तिला म्हणाला, "बघ आईकडे, काय अवस्था झालीय तिची तुझ्यामुळे. सॉरी म्हण आईला."

ती म्हणाली.