डेल्बर्टची भट्टी

पडदा उघडतो तो टेक्सासमधल्या एका परसात. ओकच्या लाकडाच्या धुरात सत्तरीचा डेल्बर्ट भट्टीवर बैलाच्या छातीच्या मांसाचा अख्खा तुकडा मंद भाजत उभा आहे. चाळीस वर्षं आळीची मेजवानी त्याच्याच भट्टीवर झाली. यंदा आजारपणात जिभेची चव गेली, ते मात्र त्याने लपवलं. आदल्या संध्याकाळी मांसाला मीठ-मिरी चोळली आणि पहाटे विसरून पुन्हा चोळली.

मेजवानीत पहिल्याच घासाला धाकटा भाऊ व्हर्जिल थुंकला. "दादा, मीठ चाटायला गुरं बोलावली होतीस का? पुढच्या खेपेपासून भट्टी माझी!"

वर्षानुवर्षं डेल्बर्टने ज्यांना भरवलं, ते सगळे खो खो हसले. कुणीतरी ताटली कुत्र्यापुढे पालथी केली.

डेल्बर्टने चिमटा भावाच्या हातात दिला. म्हणाला, "त्या कुत्र्याला आधी पाणी ठेव रे."