झेंडू निवडणारी बाई

ग्लासगोतल्या आमच्या ऑफिसने दुपारी मेक्सिकोचा ‘मृतांचा दिवस’ साजरा केला. टाको फुकट होते, शिवाय तोंडावर कवटी रंगवून मिळत होती. फुकट म्हटल्यावर रांगेत मी पहिला.

त्याच तोंडाने कोथिंबीर आणायला इंडियन दुकानात गेलो. तिथे साठीची एक बाई दिवाळीच्या उरलेल्या झेंडूच्या माळा नाकाशी धरून एकेक निवडत होती. मला पाहून ती जवळ आली.

“मी मेक्सिकोची,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुमचं कोण गेलं?”

“कोणी नाही, ऑफिसची पार्टी होती,” मी म्हणालो. मग ओशाळून म्हणालो, “म्हणजे, वडील गेलेत, तीन वर्षांपूर्वी.” त्यांचं श्राद्ध मी ऑनलाइन बुक करून, मीटिंग चालू असल्यामुळे म्यूटवर पाहिलं होतं, हे सांगितलं नाही.

ती रागावली नाही. एक माळ माझ्या हातात देत म्हणाली, “या फुलांच्या वासावर आज गेलेली माणसं घरी येतात. त्यांना आवडायचं ते त्यांच्यासाठी मांडून ठेवा. माझ्या आईला सिगारेट लागते.”

मी शेल्फांसमोर बराच वेळ उभा राहिलो. बाबांना काय आवडायचं, तेच आठवेना. शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला.

“लसूण शेव,” आई लगेच म्हणाली. “तीन वर्षांत आज पहिल्यांदा विचारलंस. आता आधी तोंड धू.”